खाडीकाठी कांदळवन लावताय? या चुका टाळा

रोपं आणण्याआधी त्या जागेवरची तिवरं (कांदळवनातली खारफुटीची झाडं) मुळात गेली कशानं, ते शोधा. भराव पडला? डेब्रिज टाकलं? रस्त्याखालची मोरी बुजली? कारण तसंच राहिलं तर नवी रोपंही त्यानंच मरतील. ठाणे खाडीत तिवराचं बी पावसाळ्यात भरतीबरोबर वाहत येतं आणि पाणी नीट खेळत असेल तर आपोआप रुजतं. म्हणून पुष्कळदा मोरी मोकळी केली की निम्मं काम होतं. नेरुळच्या डीपीएस तलावात खाडीचं पाणी अडलं, तेव्हा तलाव कसा सुकत गेला ते नवी मुंबईकरांनी पाहिलंच आहे.

दुसरी चूक मला फार लागते. ओहोटीला उघडा पडणारा चिखल अनेकांना ‘रिकामी जागा’ वाटतो आणि तिथेच रोपं लावली जातात. तो चिखल म्हणजे फ्लेमिंगोंचं ताट आहे. २०१५ साली ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही ओळख, मिळाला, त्यात या चिखलाचा वाटा मोठा आहे. शिवाय तिथे रोपं सहसा टिकतही नाहीत, कारण ती फार वेळ पाण्याखाली राहतात.

रोपं मरत असतील तर वाकून बघा. खोडावर बार्नेकलचे (चिकटून राहणाऱ्या कवचधारी समुद्री जीवांचे) खरखरीत थर चढलेत? जागा फार खोल आहे. जमिनीवर मिठाची पांढरी पापडी धरलीय? भरतीचं पाणी पोचत नाही. ओहोटीनंतरही डबकं हटत नाही? निचरा अडलाय. श्वसनमुळांवर (चिखलातून वर येणाऱ्या, हवा घेणाऱ्या मुळांवर) प्लास्टिक साचलं असेल तर ते आधी काढा, आणि पुन्हा पुन्हा काढायची तयारी ठेवा.

एकाच जातीची रांगच्या रांग लावू नका. शेजारच्या जुन्या वनात कोणत्या पातळीला तिवर आहे, कुठे चिपी (खारफुटीचीच दुसरी जात), ते पाहून ठरवा.

आणि मूल्यमापन. ‘इतकी रोपं लावली’ एवढ्यावर अहवाल संपतो, तिथेच फसगत होते. कामाआधीची नोंद नसेल तर नंतर तुलना कशाशी करणार? ठरलेल्या जागेवरून दरवर्षी फोटो घ्या, शेजारचं जुनं वन ताडून पाहा, निवट्या (चिखलात राहणारे मासे) आणि खेकड्यांची बिळं मोजा. बोय, कोळंबी मिळते का, ते दिवाळे-सारसोळ्याच्या कोळी मंडळींना विचारा. हे निदान पाच वर्षं चालायला हवं. तेवढ्या वर्षांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा; नंतर तो कुणी देत नाही.