नोकरी करत पुण्यात बसून ऑनलाइन समाजशास्त्र, राज्यशास्त्र शिकायचंय? मग हे वाचा

आधीच सांगते, मी प्राध्यापक वगैरे काही नाही. धायरीत राहते, नऱ्ह्याला एका वर्कशॉपमध्ये अकाउंट्स बघते. बारावीनंतर शिक्षण सुटलं ते तेरा वर्षांनी परत धरलं आणि बीएचं पहिलं वर्ष, म्हणजे समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्राची तोंडओळख, मोबाईल आणि दिराच्या जुन्या लॅपटॉपवर केलं. पहिल्या परीक्षेत समाजशास्त्रात आपटले, दुसऱ्यांदा बरे मार्क पडले. मधल्या काळात काय बदललं ते लिहितेय.

अ‍ॅडमिशनचं आधी उरकून टाकू. 'एका वर्षात पदवी' असले बोर्ड दिसले की तिथून निघून जायचं. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डेबच्या साइटवर विद्यापीठाचं नाव, कोर्सचं नाव आणि त्या वर्षाचं सत्र, तिन्ही दिसतायत का ते बघा, नुसतं विद्यापीठाचं नाव दिसून भागत नाही. मराठीतून शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासूनचं, बीएची पुस्तकं मराठीत मिळतात. इग्नू ह्या केंद्रीय मुक्त विद्यापीठाचं बहुतेक सगळं हिंदी नाहीतर इंग्रजीत, पण त्यांची पुस्तकं ई-ज्ञानकोशवर फुकट आहेत, अ‍ॅडमिशन कुठेही घ्या, वाचायला कोणी अडवत नाही. आणि फी भरायच्या आधी 'स्वयम्' ह्या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर समाजशास्त्राचा एखादा प्राथमिक कोर्स करून बघा. नाव नोंदवणं फुकट आहे, पैसे फक्त सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची तर लागतात. तीन आठवडे टिकलात तर पुढे जा.

एबीसी आयडी काढा असं मला सांगितलं तेव्हा मी खरंच म्हटलं, अप्पा बळवंत चौकात कशाला जायचं? (पुण्यात त्या चौकाला एबीसी म्हणतात.) तर ते 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स', म्हणजे पास झालेल्या विषयांची क्रेडिट जमा करायचं खातं असतं. त्यात एक गोची आहे, विशेषतः बायकांसाठी. माझी मार्कशीट माहेरच्या नावाची आणि आधार सासरच्या नावाचं, त्यामुळे फॉर्म पुढेच सरकेना, लग्नाचा दाखला शोधण्यात दोन रविवार गेले. शेवटच्या तारखेची वाट बघू नका, नावाचं आधी बघून घ्या.

आता मुख्य मुद्दा. व्हिडिओ बघणं म्हणजे अभ्यास नाही. मी पोळ्या लाटताना दीडच्या स्पीडने लेक्चर लावायचे आणि सगळं कळतंय असं वाटायचं, कारण समाजशास्त्राचं हेच वाईट आहे, ऐकताना सगळं ओळखीचंच वाटतं. गणितात अडलं की लगेच कळतं आपण अडलोय. इथे कुटुंब, जात, धर्म, शहर, सगळं आपलंच, त्यामुळे मान डोलत राहते आणि पेपरात 'अर्पित दर्जा आणि अर्जित दर्जा यातला फरक स्पष्ट करा' आलं की नेमकं उलटं लिहिलं जातं. मी तेच केलं. अर्पित म्हणजे जन्माने पदरात पडलेला, जात, मुलगी असणं वगैरे, आणि अर्जित म्हणजे आपण कमावलेला, नोकरी, पदवी. कमावण्याला अर्जन म्हणतात एवढं लक्षात ठेवलं असतं तरी वाचले असते. (आणि दर्जा म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस नाही हे भाच्याला पटवायला मला अर्धा तास लागला.)

दुसऱ्या वेळी मी शंभर पानी वही घेतली आणि प्रत्येक संकल्पनेला एक पान दिलं. वर व्याख्या, पण पुस्तक मिटून, माझ्या शब्दात. मग ती मांडली कोणी आणि साधारण कधी. आणि खाली ह्याच आठवड्यात पुण्यात मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट. ही तिसरी गोष्ट सुचत नसेल तर समजायचं की संकल्पना कळलेलीच नाही, परत वाचायचं.

उदाहरण देते. सामाजिक प्रमाणके (म्हणजे कसं वागायचं ह्याचे समाजाचे नियम) आणि नियंत्रण हे प्रकरण. आपल्याकडे तर पाट्यांचं शहर! 'गेटसमोर गाडी लावू नये, हवा सोडली जाईल', ह्या एका ओळीत प्रमाणक पण आलं आणि ते मोडलं तर होणारी शिक्षा पण आली. हवा सोडणारे काका म्हणजे अनौपचारिक नियंत्रण आणि गाडी उचलून नेणारा ट्रॅफिकवाल्यांचा टेम्पो म्हणजे औपचारिक. पण खरी मजा पुढे आहे. मयताला जाताना भडक साडी नेसून येऊ नये अशी पाटी कुठेच नसते, तरी कोणी नेसत नाही, आणि चुकून नेसलीच तर तिथे बसवत नाही. कोणी लिहिलेलं नाही, कोणी बघत नसलं तरी आपल्यावर दाब येतो, बाहेरून. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुरखीमने १८९५ मध्ये 'सामाजिक तथ्य' म्हणून जे मांडलं ते हेच, व्यक्तीच्या बाहेर असलेलं आणि तरी तिला भाग पाडणारं. व्हिडिओत चाळीस मिनिटं ऐकून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते साडीवरून शिरलं.

अर्थशास्त्राला दसऱ्याचा झेंडू घ्या. सकाळी मार्केट यार्डात भाव ऐकून डोळे फिरतात आणि संध्याकाळी त्याच फुलांचे ढीग रस्त्यात पडलेले असतात. नाशवंत माल, पुरवठा त्या दिवसापुरता ठरलेला, मागणी दुपारनंतर संपलेली. आकृती काढा, बाजूला झेंडू लिहा, लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी-पुरवठा किती हलतो ते, आयुष्यात विसरणार नाही. राज्यशास्त्रात सत्ता आणि अधिमान्यता (म्हणजे ती सत्ता लोकांनी योग्य मानणं) ह्यात गोंधळ होत असेल तर मार्च २०२२ मध्ये आपल्या महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि नंतर बराच काळ प्रशासकच कारभार बघत होता ते आठवा. निर्णय होत होते, पाणीपट्टी घेतली जात होती, म्हणजे सत्ता होती, कायद्याचा आधारही होता, पण लोकांनी निवडून दिल्यामुळे जी मान्यता येते ती होती का? दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं पान लिहा.

पण एक सांभाळा. उदाहरण म्हणजे पुरावा नाही. 'आमच्या सोसायटीत कोणी जात पाळत नाही' हे तुम्ही उत्तरात लिहिलंत तर तपासणारा हसेल. आपल्याला दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं. इरावती कर्वे, डेक्कन कॉलेजातल्या मानववंशशास्त्रज्ञ, वारीबरोबर चालत गेल्या होत्या, आणि भजन एकत्र पण जेवणाच्या पंगती जातीप्रमाणे वेगळ्या, हे त्यांनी जवळून पाहून लिहिलं. सहभागी निरीक्षण म्हणतात ते हे. नुसतं तिथे असणं नाही, जे सगळ्यांना सवयीचं झालंय ते टिपणं. मोजायचंच म्हटलं तरी तेच. गोखले इन्स्टिट्यूटमधले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ ह्यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर लिहिताना माणशी रोज २२५० कॅलरी मिळायला किती खर्च लागेल तिथे रेघ ओढली. आता विचार करा, औषधं, शाळा, घरभाडं कुठे गेलं? 'चिकित्सक परीक्षण करा' असं विचारतात तेव्हा एवढंच हवं असतं, कशाने मोजलं आणि त्यातून काय सुटलं. शिव्या घालणं म्हणजे चिकित्सा नाही. 'स्पष्ट करा' असेल तर समजावा, 'तुलना करा' असेल तर दोन वेगळी टिपणं एकाखाली एक लिहू नका, मुद्द्यागणिक शेजारी ठेवा. आरक्षणावर प्रश्न आला की हात आपोआप आपलं मत लिहायला लागतो, तेव्हा पेन खाली ठेवून आधी समोरच्या बाजूचे तीन मुद्दे लिहा, मग आपलं.

असाइनमेंट. इग्नूत ३० टक्के वजन असाइनमेंटला आणि ७० टक्के परीक्षेला असतं आणि दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं, तुमच्याकडे कसं आहे ते पहिल्याच दिवशी बघा. टेलिग्रामवर तयार उत्तरं फिरतात, एआयकडूनही मिळतात, पण ती उतरवून काढलीत तर परीक्षेला परत शून्यापासून सुरुवात. मी तर त्याहून भारी पराक्रम केला, मागच्या सत्राचे प्रश्न डाउनलोड करून चाळीस पानं हाताने लिहिली. सगळी फुकट. पहिल्या पानावरचं सत्र आणि वर्ष वाचा हो!

भाषेचं म्हणाल तर इंग्रजी पुस्तक अडलं की मी बालभारतीचं अकरावी-बारावीचं समाजशास्त्र उघडायचे, पीडीएफ फुकट मिळतात, मराठी शब्द तिथेच सापडतात, नाहीतर मराठी विश्वकोश आहेच ऑनलाइन. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत महिनाभर बसून पाहिलं, शांतता झकास, पण आजूबाजूला सगळी एमपीएससीवाली मुलं, त्यांच्या नोट्स बघून मीही सनावळ्या पाठ करायला लागले. त्यांच्या परीक्षेला ते ठीक, आपल्याला युक्तिवाद लिहायचा असतो. शेवटी पहाटे साडेपाच ते पावणेसात, नळाला पाणी यायच्या आधी, स्वयंपाकघरातल्या ओट्यावरच बसायला लागले. रोज एवढंच, पण रोज. रविवारी फक्त वही उलटी वाचायची आणि सासूबाईंना एक पान सांगायचं. त्या 'म्हणजे काय गं?' म्हणाल्या की पान परत लिहायचं.

कोर्स ऑनलाइन असला तरी पेपर बऱ्याच ठिकाणी सेंटरवर जाऊन हातानेच लिहायचा असतो, आणि कीबोर्डवर बसून बसून आपला हात गेलेला असतो. माझा पहिल्या वेळी तासाभरात दुखायला लागला होता. शेवटचे पंधरा दिवस घड्याळ लावून रोज एक उत्तर पूर्ण लिहा. हॉल तिकीट आलं की सेंटर आदल्या दिवशी पाहून या. जूनची परीक्षा असेल तर पालखी पुण्यात कधी येतेय ते कॅलेंडरवर बघा, त्या दिवशी निम्मे रस्ते बंद असतात आणि बस कुठून वळवतील सांगता येत नाही. मी गाडी स्वारगेटच्या अलीकडेच लावून वारकऱ्यांच्या गर्दीतून अर्धा तास चालत गेले आणि घंटा व्हायला चार मिनिटं असताना बाकावर बसले.