जर्मनीला सासरी निघताय? आधी केगाव गाठा

जर्मन जोडीदाराशी लग्न करून तिकडे निघालेल्या सोलापूरकरांनी व्हिसाइतकीच धावपळ ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी करावी. तिकडून मागवायचं म्हटलं की घरच्यांना हेलपाटे. पदवीवर सोलापूर विद्यापीठाचं नाव असेल तर केगावला, विद्यापीठाच्या आवारात. 2004 च्या आधीची असेल तर कोल्हापूर, कारण तेव्हा आपली कॉलेजं शिवाजी विद्यापीठाकडे होती. परदेशी पदव्यांच्या ‘अनाबिन’ या मोफत जर्मन यादीत विद्यापीठाचं जुनं नाव आणि 2019 पासूनचं अहिल्यादेवींचं नाव, दोन्ही टाकून पाहा.

खरी गोची नावाची. मार्कशीटवर आधी आडनाव, मग आपलं, मग वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर भलतीच मांडणी. तिकडच्या कारकुनाला या दोन वेगळ्या बायका वाटल्या तर नवल नाही! दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र इथेच, इंग्रजीत करून घ्या. पासपोर्टवर नवऱ्याचं आडनाव लावायची घाई तर मुळीच नको.

जोडीदार म्हणून मिळणाऱ्या निवास परवान्यावर नोकरी करता येते, वेगळी परवानगी लागत नाही. नर्सिंगला मात्र आधी शिक्षणाची मान्यता हवी आणि जर्मन भाषेचं ज्ञान साधारण बी2, म्हणजे कामकाज नीट जमेल अशा पातळीचं. व्हिसापुरत्या ए1 या अगदी सुरुवातीच्या पातळीवर तिथं भाजी आणता येईल, वॉर्ड सांभाळता येणार नाही.