पात्र आणलं आणि लगेच घालवलं? कोकणातल्या कथा-नाटकांत या चुका टाळा

गावच्या वार्षिक नाटकाची संहिता असो, दिवाळी अंकासाठी लिहिलेली दीर्घकथा असो की मालिकेचा आराखडा, नव्या लेखकांच्या लिखाणात एक दोष सतत भेटतो. पहिल्याच प्रवेशात एखादा थोरला भाऊ, मास्तर किंवा शेजारची काकी थाटात येते. नाव कळतं, घर कळतं, भावकीतला जुना वाद कळतो. दोन प्रवेशांनंतर ते माणूस कुठेच नसतं. लेखकाला विचारलं तर उत्तर येतं, त्याचं काम झालं होतं.

पात्र लवकर जाण्यात काहीच गैर नाही. आपल्याकडे याचा उत्तम नमुना दर जत्रेला देवळासमोर उभा राहतो. दशावतारात मुख्य आख्यानाआधी गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी येतो, सरस्वती येते आणि मग संकासुर. काळा वेष, मालवणीतून थट्टामस्करी, सगळी पोरं पुढे सरकून बसलेली. थोड्याच वेळात विष्णू त्याचा वध करतो आणि रात्रभर तो पुन्हा रंगमंचावर येत नाही. तरी ‘संकासुराचा काय झाला?’ असं पहाटे कोणी विचारत नाही. त्याने वेद पळवले होते. तो मेला आणि वेद परत मिळाले. त्याच्यामुळे जे बिघडलं होतं, ते त्याच्या जाण्याबरोबर मिटलं. पात्र किती वेळ राहिलं याला महत्त्व नाही. त्याने उघडलेलं खातं कोणी मिटवलं का, एवढं तपासा. पुढच्या बहुतेक चुका हे न तपासल्यामुळेच होतात.

‘तो मुंबईक गेलो’

कोकणातल्या लेखकाच्या हाताशी असलेली ही सर्वांत सोपी पळवाट, म्हणून सर्वांत धोक्याचीही. पात्र नको झालं की त्याला मुंबईला धाडायचं. कारण खरं वाटतं, कारण घरोघरी तसंच घडलेलं आहे. पण आपल्या वाचकाला मुंबईला जाणं म्हणजे काय असतं ते आतून माहीत आहे. गेलेला माणूस घरातून पुसला जात नाही. त्याच्या पैशांवर इथली चूल चालते, त्याच्या शब्दावाचून लग्न ठरत नाही, आणि चतुर्थीला तो येतो. कथा भाद्रपद ओलांडून पुढे गेली आणि थोरला मुलगा गणपतीला आलाच नाही, त्याबद्दल कोणी अवाक्षरही काढलं नाही, तर मालवणपासून चिपळूणपर्यंतचा वाचक तिथेच थांबतो. काहीतरी मोठं बिनसलं असणार, असं तो धरून चालतो. तुम्ही न लिहिलेलं भांडण तो स्वतः रचतो आणि पुढची पानं त्याच भांडणाच्या उलगड्याची वाट पाहत वाचतो.

यावर उपाय दोन. एक तर त्याला गणपतीला आणा. एक संध्याकाळ, आरतीत उभा, दोन वाक्यं, आणि परतीची गाडी. नाहीतर तो का आला नाही हे घरातल्या एखाद्या माणसाला लागू द्या. आई त्याच्या वाट्याचे मोदक झाकून ठेवते एवढंही पुरतं. मात्र कथेचा काळ पाहून घ्या. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती जानेवारी १९९८ मध्ये. त्याआधीच्या कथेत येणं-जाणं म्हणजे एसटीतली अख्खी रात्र, आणखी मागे गेलात तर बोट, तीही पावसाळ्यात बंद. १९६० च्या कथेतला चाकरमानी ‘दोन दिवसांसाठी येऊन गेला’ असं लिहिलंत तर पात्र घालवताना तुम्ही काळही घालवलात.

काहीच कारण न देता पात्र गाळणं याहून वाईट. अमेरिकेतली ‘हॅपी डेज’ ही मालिका १९७४ ते १९८४ चालली. तिच्यात चक हा थोरला मुलगा सुरुवातीला होता, दुसऱ्या पर्वात तो दिसेनासा झाला, आणि पुढे त्या घराला दोनच मुलं असल्यासारखी मालिका चालू राहिली. असं न सांगता गायब होणारं पात्र तिकडे आजही त्याच्याच नावाने ओळखलं जातं. एवढी वर्षं लोकप्रिय राहिलेल्या मालिकेतली ही एक गोष्ट प्रेक्षक विसरले नाहीत. एका वाक्याने भागलं असतं, ते वाक्य कोणी लिहिलं नाही.

समुद्रात बुडवणं

दुसरी पळवाट समुद्र. इथे आधी पंचांग आणि सरकारी नियम, दोन्ही पाहा. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते, आणि पारंपरिक मच्छीमार नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मगच हंगाम धरतात. आषाढात ट्रॉलरवर गेलेला नायकाचा मित्र वादळात बुडाला, असं लिहिलंत तर हर्णैचा किंवा वेंगुर्ल्याचा वाचक पहिला प्रश्न विचारेल, बंदीत बोट गेली कशी? त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या कथेत असेल, कर्ज होतं, मालकाने दबाव टाकला, तर तो मृत्यू एकदम वजनदार होतो. उत्तर नसेल तर महिना बदला.

आणखी एक. बुडालेल्या माणसाचा देह मिळाला की नाही, हे सांगावंच लागतं. देह मिळाला नाही असं लिहिलंत तर वाचक शेवटच्या पानापर्यंत तो परत येण्याची वाट पाहतो. तसा तुमचा बेत असेल तर उत्तमच. नसेल तर देह किनाऱ्याला लागू द्या, घरच्यांना क्रियाकर्म करू द्या आणि ती वाट बंद करा.

दुसऱ्याला रडवण्यासाठी मारलेली माणसं

नायकाची बहीण येते, हसते, झोपाळ्यावर बसून गाणं म्हणते आणि पुढच्या प्रकरणात मरते. नायक सूडाला पेटतो. तिच्याबद्दल आपल्याला काय कळलं? ती चांगली होती, एवढंच. अशा मृत्यूने डोळ्यांत पाणी येत नाही. मला तर अशा वेळी त्या मुलीसाठी वाईट वाटतं, तिला कथेत जगायला जागाच दिलेली नसते.

जटायू आठवा. रामकथेच्या विस्तारात त्याचा वाटा थोडकाच. पण सीता नेली जात असताना तो रावणाशी एकटा लढतो, पंख तुटल्यावरही रामाची वाट पाहत जीव धरून ठेवतो, रावण सीतेला घेऊन दक्षिणेकडे गेल्याचं सांगतो, आणि राम त्याचे अंत्यसंस्कार करतो. स्वतःचा निर्णय, मागे सोडलेली माहिती आणि कोणीतरी घेतलेला निरोप, हे तिन्ही त्याला मिळालं. तुमच्या बहिणीला यातल्या दोन गोष्टी द्या. तिला डी.एड.ला प्रवेश हवा होता, अर्ज भरून फडताळात ठेवला होता, आणि तो पुढे धाकटीच्या हाती लागतो. आता ती गेल्यावरही कथेत आहे.

सातबारा विसरू नका

ही चूक खास आपल्याकडची, आणि इतर कुठल्याही चुकीपेक्षा जास्त कथा हिने पोखरल्या आहेत. वडिलोपार्जित घर विकायचं की राखायचं, या विषयावर कोकणात असंख्य कथा-नाटकं लिहिली जातात. त्यात एखादा चुलतभाऊ पहिल्या अंकात मरतो आणि तिसऱ्या अंकात उरलेले दोघे खुशाल विक्रीच्या कागदावर सही करतात. मेलेल्याचा हिस्सा कुठे गेला? सामायिक जमिनीत तो त्याच्या वारसांकडे जातो. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलगे, मुली, विधवा आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस. वारस नोंद होते, फेरफार होतो, आणि त्या माणसाच्या जागी त्याच्या बायकोची सही लागते.

याला अडचण समजू नका. ज्या लेखकाने चुलतभावाला मारलं, त्याच्या हाती अभावितपणे एक विधवा आली आहे, जिच्या सहीशिवाय घर विकता येत नाही. आजवर माजघरातून कोणी बाहेर न बोलावलेली ती बाई आता पडवीत बसून बोलणार आहे. बऱ्याचदा खरं नाटक तिथेच असतं, आणि लेखक मात्र पहिल्या अंकातल्या मरणाच्या प्रसंगावर संवाद घोटत बसलेला असतो.

म्हणून पात्र काढण्याआधी कागदावर लिहून काढा: त्याला काय ठाऊक होतं, त्याच्या ताब्यात काय होतं, कोणाचं त्याच्याशी काय राहिलं होतं. प्रत्येक ओळीपुढे आता ते कोणाकडे जातं ते लिहा. एखादी ओळ रिकामी राहिली तर भोक तिथे आहे. सगळ्याच ओळी रिकाम्या राहिल्या तर ते पात्र मुळातच नको होतं. त्याचे दोन संवाद दुसऱ्या कोणाला द्या.

घालवलं आणि मग पस्तावा

मालवणी प्रेक्षकाला हे उदाहरण लांबचं नाही. ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचा २०१६ चा पहिला भाग अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून सुरू झाला. २०१९ मध्ये दुसरा भाग आला तेव्हा कथा मागच्या काळात नेली गेली आणि तेच अण्णा मध्यवर्ती झाले. मेलेल्याला उठवण्यापेक्षा हा मार्ग केव्हाही प्रामाणिक. मात्र आधी त्या माणसाबद्दल जे जे बोललं गेलं आहे, ते सगळं आता पाळावं लागतं. बायको त्याच्याविषयी पहिल्या भागात एक म्हणाली आणि मागच्या काळात दुसरंच दिसलं, तर ती खोटं का बोलली याचं कारण कथेतच शोधावं लागेल.

नटाला रजाच मिळाली नाही तर

गावच्या नाटकात हे दरवर्षी कुठेतरी होतंच. पूजेच्या आदल्या दिवशी मुंबईहून फोन येतो की येता येत नाही. दशावतारी कंपनी हे सहज निभावून नेते, कारण तिथे लिखित संहिता नसते. आख्यान आपसात ठरतं आणि संवाद रंगमंचावर उभे राहतात. तुमच्याकडे मात्र पाठ केलेली वाक्यं आहेत, त्यामुळे घाईत पात्र छाटू नका. आधी पाहा, त्याच्याकडची एखादी माहिती दुसऱ्या कोणाला आधीच कळली असेल असं दाखवता येतं का. येत असेल तर तो प्रवेश त्या माणसाला द्या आणि मूळ पात्राला फक्त नावाने ठेवा, पत्रातून किंवा फोनवरून. ज्या संवादांत बाकीचे त्याला थेट हाक मारतात ते तालमीत प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणून घ्या, कारण नुसतं सांगून पाठांतर बदलत नाही. आणि बदललेली पानं प्रॉम्प्टरच्या वहीतही त्याच रात्री चिकटवा.