कासवं येण्याआधी: वेसाव्याच्या किनाऱ्यावरची तयारी

दिवाळी उरकली की कामाला लागा. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांच्या माद्या आपल्या किनारपट्टीवर साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात. मुंबईत कुठलं कासव, असं कुणी म्हणालं तर मार्च २०१८ ची आठवण करून द्या. वर्षानुवर्षं साचलेला कचरा लोकांनी उपसल्यावर याच वेसाव्याच्या (वर्सोव्याच्या) वाळूतून ऐंशीच्या आसपास पिल्लं निघाली होती. तुटकी जाळी आणि दोऱ्या हातानं उचला. भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत ट्रॅक्टर फिरू देऊ नका. घरटं जेमतेम दीड फूट खोल असतं.

सगळ्यांत जास्त वेळ दिव्यांसाठी राखा. पिल्लं बहुधा रात्री वर येतात आणि जिकडे उजेड तिकडे चालू लागतात. एरवी तो उजेड समुद्रावरचा असतो, इथे मात्र इमारतींचे हॅलोजन पाठीमागून ओढतात. म्हणून किनाऱ्यालगतच्या प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरींना आत्ताच भेटा: समुद्राकडचे दिवे बंद करा, नाहीतर झाकून खाली वळवा. रात्रपाळीच्या वॉचमनलाही वेगळं भेटा, बटण त्याच्याच हाताशी असतं.

पिशवीत लाल जिलेटिन लावलेला टॉर्च, चार बांबू, सुतळी आणि शिट्टी ठेवा. फोनमध्ये वनविभागाचा १९२६ हा क्रमांक हवाच. कोळीवाड्यात नाखवांना सांगून ठेवा. पहाटेच्या खुणा फिरायला येणाऱ्यांच्या आधी त्यांना दिसतात. पाण्यापासून वर गेलेला, अडीच फूट रुंद, आळीपाळीनं उमटलेल्या वल्ह्यांसारखा माग दिसला की बांबू रोवून सुतळी बांधा, फोन करा आणि माणसं येईपर्यंत तिथेच थांबा. उकरायचं नाही. घातल्यावर काही तासांतच गर्भ कवचाला आतून चिकटतो, मग अंडं नुसतं फिरलं तरी तो मरू शकतो. कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, हे बघ्यांनाही शांतपणे सांगा.

माग दिसला ती तारीख कॅलेंडरवर लिहा. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. चाळिसाव्या दिवसापासून रात्रीच्या पाळ्या लावा आणि भटक्या कुत्र्यांना खाणं घालणाऱ्यांना लांबची जागा ठरवून द्या. बादली आणू नका, पिल्लं उचलून पाण्यात सोडू नका. त्यांना स्वतः चालू द्या. तुम्ही फक्त वाटेतले पावलांचे खळगे बुजवा, माणसांना दोन्ही बाजूंना मागे घ्या आणि शेवटचं पिल्लू लाटेत जाईपर्यंत मोबाइल खिशात ठेवा.