दुबईच्या मेडिकलची ऑफर आली? आधी पगाराची फोड मागा

मेडिकल दुकानात फार्मासिस्टची नोकरी, ‘महिना ६,००० दिरहम’ म्हटलं की घरात पहिला हिशोब रुपयांत होतो. तो जरा थांबवा.

१. लायसन्सला आधी लागा. ते देणारं सरकारी आरोग्य खातं जागेप्रमाणे वेगळं: दुबईला डीएचए, अबुधाबीला डीओएच, शारजा-अजमानकडे मोहाप. पदवी, राज्य फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, गुड स्टँडिंग (तुमच्यावर कारवाई नाही, असा कौन्सिलचा दाखला) आणि अनुभवाची पत्रं डेटाफ्लो या कागदपत्रं तपासणाऱ्या कंपनीकडे जातात. ते थेट विद्यापीठाला आणि जुन्या मालकाला विचारतात. आपली मंडळी अडकतात ती नावापाशी. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. लग्नानंतर बदललेलं असेल तर आणखी घोळ. गॅझेट, अ‍ॅफिडेव्हिट आधीच करून ठेवा. मग लायसन्सची परीक्षा. एलिजिबिलिटी लेटर (लायसन्ससाठी पात्र असल्याचं पत्र) हातात असलं की बोलणी करायला जोर येतो.

२. मग फोड मागा: बेसिक किती, घरभाडं किती, ट्रान्सपोर्ट किती. मी पहिल्या वेळी ‘ऑल इन्क्लुझिव्ह’वर खूश होऊन सही केली. बेसिक किती तुटपुंजं होतं, ते नोकरी सोडताना उरलेल्या रजेचे पैसे मिळाले तेव्हा कळलं. ग्रॅच्युइटीसुद्धा बेसिकवरच मिळते: पहिली ५ वर्षं दरवर्षी २१ दिवसांचा बेसिक पगार, पुढे ३० दिवसांचा. समजा, एक ऑफर ६,००० ची, त्यात बेसिक २,४००. दुसरी ५,५०० ची, बेसिक ४,०००. ५ वर्षांनी पहिलीत ८,४०० दिरहम ग्रॅच्युइटी, दुसरीत १४,०००. तरी दर महिन्याला ५०० जास्त, म्हणजे ५ वर्षांत ३०,०००, पहिलीतच मिळतात. मग दुसरी घ्यायची कशाला? दुसरीत कंपनीची खोली असेल तर घ्यायची.

३. म्हणून खोलीचं नीट विचारा. कंपनीची असेल तर एका खोलीत किती जण, दुकानापासून किती लांब. स्वतः बघायची असेल तर बेड स्पेसचा (शेअरिंगच्या खोलीतल्या एका खाटेचा) तिथला आजचा भाव ओळखीच्या माणसाकडून काढा आणि पगारातून वजा करा. कुटुंब न्यायचं असेल तर हिशोब पार वेगळा.

४. ड्यूटी सलग की स्प्लिट? सकाळी ९ ते १ आणि संध्याकाळी ५ ते ९ म्हणजे कागदावर ८ तास. प्रत्यक्षात जुलैच्या उन्हात दुपारी खोलीवर जा, पुन्हा या, अख्खा दिवस त्यातच जातो. आठवड्याला ४८ तासांच्या वर काम असेल तर ओव्हरटाइमचं लेखी घ्या. टार्गेटचा इन्सेंटिव्ह पगारात धरू नका. काउंटरचा कॅश कमी भरला, माल एक्स्पायर झाला तर कोणाच्या पगारातून कापणार, हेही विचारा. प्रश्न विचारला म्हणून ऑफर गेली, तर जाऊ द्या.

५. व्हिसा आणि भरतीचा खर्च तिथल्या कायद्याने मालकाचा. एजंट ‘व्हिसाचे दीड लाख’ म्हणाला तर उठून या, आणि ओरिजिनल डिग्री त्याच्या टेबलावर विसरू नका.