डॅरिल जेनिफरसारखा बास गिटार वाजवायचा असेल तर
पंक म्हणजे वेगवान, आक्रमक रॉक वाजवणाऱ्या वॉशिंग्टन डीसीच्या बॅड ब्रेन्स या बँडचा हा बासवादक. पंकआधी हीच मंडळी माइंड पॉवर नावाने जॅझ फ्युजन (जॅझ आणि रॉकचं मिश्रण) वाजवायची. वेग नंतर आला. म्हणून मीही शिकवताना आधी वेग काढूनच टाकते.

मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला १०० ठोक्यांवर लावा. पिक (तारा छेडायची छोटी चकती) असं धरा की टोक तांदळाच्या दाण्याएवढंच बाहेर दिसेल. हात मनगटातून हलू द्या, कोपरातून नाही. दुखायला लागलं की लगेच थांबा. मी थांबले नव्हते, महिनाभर बास भिंतीला टेकून होता! दोन मिनिटं न चुकता जमलं की ठोके पाचने वाढवा. कान कायम किक ड्रमवर, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर.

आणि बॅड ब्रेन्सचं रेगे, म्हणजे जमैकातून आलेलं संथ लयीचं संगीत, वाजवाच. तिथे दोन सुरांमधली रिकामी जागा सांभाळावी लागते, तीच सवय पंकच्या घाईत हात स्थिर ठेवते.