बेंझॉइक आम्लाचे पुनर्स्फटिकीकरण: शुद्धता राखून उतारा कसा वाढवावा

घन पदार्थ बहुतेक वेळा गरम द्रावकात जास्त आणि थंड द्रावकात कमी विरघळतो. पुनर्स्फटिकीकरणात याच फरकाचा उपयोग करून हवा असलेला पदार्थ स्फटिकरूपाने वेगळा काढतात आणि अल्प प्रमाणात असलेली अशुद्धी मातृद्रावात, म्हणजे स्फटिक वेगळे झाल्यावर उरणाऱ्या द्रावात, मागे ठेवतात. मात्र अशुद्धीबरोबर आपला पदार्थही त्या द्रावात काही प्रमाणात राहतोच. साताऱ्यातील बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांत स्फटिक देखणे येतात, पण उतारा, म्हणजे हाती आलेल्या पदार्थाचे वजन, कमी भरतो, असे पुष्कळदा दिसते. त्याचे कारण बहुधा सुरुवातीला ओतलेल्या पाण्यात सापडते. म्हणून बर्नर पेटवण्याआधी पाण्याचा हिशेब मांडावा.

बेंझॉइक आम्ल १०० मिलिलिटर पाण्यात १०० अंश सेल्सिअसला सुमारे ५.६ ग्रॅम, ४० अंशांना ०.५५ ग्रॅम, २५ अंशांना ०.३४ ग्रॅम आणि शून्य अंशाला अवघे ०.१७ ग्रॅम विरघळते. ५ ग्रॅम नमुना १२० मिलिलिटर पाण्यात विरघळवून २५ अंशांपर्यंत थंड केला, तर सुमारे ०.४१ ग्रॅम, म्हणजे ८ टक्के आम्ल द्रावात राहते. बर्फात ठेवला तर हीच घट ४ टक्क्यांवर येते. पाणी २५० मिलिलिटर ओतले आणि एप्रिलच्या दुपारी, गच्चीवरच्या टाकीतले पाणीच कोमट येत असताना, द्राव ४० अंशांच्या आसपास असतानाच गाळला, तर सव्वा ग्रॅमहून अधिक आम्ल सिंकमध्ये जाते. उन्हाळ्यातील प्रात्यक्षिकाला बर्फ आधीच मागवून ठेवावा, तो ऐच्छिक समजू नये.

पाणी ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) घ्यावे. आपल्याकडच्या अनेक बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतात. बेंझॉइक आम्लाशी त्यांची अभिक्रिया होऊन विद्राव्य बेंझोएट तयार होते आणि ते कितीही थंड केले तरी खाली बसत नाही.

नमुना कॉनिकल फ्लास्कमध्ये घेऊन त्यावर ८० मिलिलिटर पाणी घालावे, उकळी आणावी आणि नंतर उकळते पाणी थोडे थोडे घालत, प्रत्येक वेळी ढवळून थांबत, नमुना पूर्ण विरघळेपर्यंत जावे. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे वर दिलेल्या १०० अंशांच्या आकड्यावरून निघते त्यापेक्षा थोडे जास्त पाणी लागणार हे गृहीत धरावे. तळाशी तेलासारखे थेंब दिसले तर ते वितळलेले आम्ल असते. थोडे उकळते पाणी घातले की ते विरघळतात. उलट, दोन-तीन वेळा पाणी घालूनही जे कण तसेच राहतात, ती अविद्राव्य अशुद्धी असते आणि तिच्यासाठी पाणी वाढवत बसू नये. द्राव रंगीत असेल तरच चारकोल (रंग शोषून घेणारा कोळसा) वापरावा, तोही नमुन्याच्या १ ते २ टक्केच, कारण जादा चारकोल आपले आम्लही शोषून घेतो. उकळत्या द्रावात तो कधीही टाकू नये. द्राव एकदम उसळून हातावर येतो. आधी आच काढून द्राव किंचित निवू द्यावा.

अविद्राव्य कण आणि चारकोल काढण्यासाठी द्राव गरम असतानाच गाळतात. या गरम गाळणीआधी १० ते २० टक्के जादा पाणी घालावे, आखूड नळीचे नरसाळे वाफेवर तापवून घ्यावे आणि चुण्या पाडलेला फिल्टर पेपर वापरावा. नरसाळे गार असले तर नळीच्या तोंडाशी पांढरे स्फटिक धरू लागतात आणि पाहता पाहता नळी बुजते. अशा वेळी चमचाभर उकळते पाणी वरून घालून ते खाली उतरवावेत.

गाळलेला द्राव झाकून, न हलवता, आपोआप निवू द्यावा. उतारा आणि शुद्धता या दोहोंचा मेळ याच टप्प्यावर बसतो, म्हणून येथे घाई मला अजिबात मान्य नाही. फ्लास्क गरम असतानाच बर्फात ठेवला तर बारीक भुकटी पडते आणि तिच्या कणांमध्ये अशुद्ध द्राव अडकून राहतो. कराड-सांगलीकडच्या साखर कारखान्यांत पॅनमध्ये बीज (साखरेचे बारीक कण) सोडून साखरेचा रवा सावकाश वाढवतात, तसेच येथेही करता येते: द्राव निवूनही स्फटिक येत नसतील तर शुद्ध बेंझॉइक आम्लाचा एक कण टाकावा किंवा काचेच्या कांडीने आतील भिंत घासावी. द्राव खोलीच्या तापमानाला आल्यावरच फ्लास्क १५ ते २० मिनिटे बर्फात ठेवावा.

बुखनर फनेलवर (सच्छिद्र तळाच्या नरसाळ्यावर) सक्शन, म्हणजे खालून हवेची ओढ, लावून स्फटिक गाळावेत आणि बर्फगार पाण्याच्या ५-५ मिलिलिटरने दोनदा धुवावेत. एवढ्या पाण्यात २० मिलिग्रॅमही आम्ल जात नाही. नळाच्या ५० मिलिलिटर पाण्याने धुतले तर १७० मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकते. धुताना सक्शन थांबवावे, नंतर पुन्हा लावून स्फटिक दाबून कोरडे करावेत. बेंझॉइक आम्लाचे संप्लवन होत असल्याने, म्हणजे ते न वितळता थेट वाफ होऊन उडत असल्याने, ते तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नये. ते हवेवर वाळवावे आणि पावसाळ्यात डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवावे. वजन स्थिर होईपर्यंत उतारा नोंदवू नये, कारण ओल्या स्फटिकांचे वजन नेहमीच खोटे भरते.

पाणी चुकून जास्त झाले असेल तर मातृद्राव आटवून एक तृतीयांश करावा आणि दुसरी खेप काढावी. तिच्यात अशुद्धी अधिक असते, म्हणून द्रवणांक (वितळण्याचे तापमान) पाहिल्याशिवाय ती पहिल्या खेपेत मिसळू नये. शुद्ध बेंझॉइक आम्ल सुमारे १२२ अंशांना, एखाद्या अंशाच्या आत वितळते. वितळणे ११८ अंशांना सुरू होऊन रेंगाळत असेल, तर आधी नमुना खरोखर कोरडा आहे का ते पाहावे आणि मगच पुनर्स्फटिकीकरण पुन्हा करावे. त्या वेळी पाणी हाती असलेल्या वजनाप्रमाणे नव्याने ठरवावे. ४ ग्रॅमसाठी पुन्हा १२० मिलिलिटर ओतू नये, सुमारे ९५ पुरते.